रास अल खैमाचे चाचे आणि मुंबईहून सुटलेलं आरमार

दुबई-शारजात राहणारी आपली मराठी मंडळी रास अल खैमाला जातात ती जबेल जैसच्या झिपलाइनसाठी, नाहीतर थंडीत डोंगरात बार्बेक्यू करायला. जाताना गाडीत एकजण हमखास सांगतो की अरे हे पूर्वी चाच्यांचं गाव, ब्रिटिशांनी यांना सरळ केलं. मग दुसरा कुणीतरी युट्यूबवर काहीतरी पाहिलेला म्हणतो छे छे, ते सगळं ब्रिटिशांनी रचलेलं, हे बिचारे साधे व्यापारी. मला दोन्ही ऐकून वैताग येतो. कारण या गोष्टीचा मोठा भाग मुंबईत घडलाय, कागद मुंबईत पडलेत, आरमार मुंबईहून सुटलं, आणि आपल्याला तिच्यातलं काहीच माहीत नसतं.

आधी गाव बघा. जुनं रास अल खैमा म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्यामधे लांबलेली वाळूची जीभ. खाडीच्या तोंडाशी पाणी उथळ, त्यामुळे स्थानिक गलबतं भरतीला आरामात आत शिरायची आणि मोठी युद्धनौका बाहेरच ताटकळायची. पाठीमागे खजुराच्या बागा आणि त्यामागे एकदम उभे डोंगर. त्याआधी याच पट्ट्यात जुल्फार नावाचं जुनं बंदर होतं, मोत्यांच्या व्यापारावर गब्बर झालेलं, अहमद इब्न माजिद हा पंधराव्या शतकातला मोठा दर्यावर्दी तिथलाच. (वास्को द गामाला त्यानेच कालिकतची वाट दाखवली ही कथा अजून फिरते, पण बहुतेक अभ्यासक ती मानत नाहीत.)

आता टोळ्या. आपण ‘शेख’ म्हटलं की राजा डोळ्यासमोर आणतो, तिथेच घोळ होतो. कवासिम, म्हणजे आजच्या अल कासिमी राजघराण्याचे पूर्वज, त्यांच्या हाताखाली फौजफाटा असलेलं राज्य नव्हतं, टोळ्यांची मोट होती. जझीरत अल हमरामधे झाब, रम्समधे तुनैज, डोंगरात छोटी कुऱ्हाड हातात घेऊन फिरणारे शिहूह, शिवाय पलीकडे इराणच्या किनाऱ्यावर लिंगा बंदरात कवासिमांचीच दुसरी शाखा. शेखाने हाक दिली तर हे लोक येणार, पण आपापला फायदा बघून येणार, आणि शेखाने तह केला म्हणून प्रत्येक नाखवा तो पाळेलच याची खात्री नाही. हे लक्षात घेतलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही.

यांचं खरं वैर ब्रिटिशांशी नव्हतंच, मस्कतशी होतं. आखातात येणाऱ्याजाणाऱ्या मालावर हात कुणाचा, जकात कुणाची, होर्मुझच्या तोंडाशी बसून कमवायचं कुणी, हे भांडण दोन अरब दर्यावर्दी सत्तांचं आणि ते ब्रिटिश त्यात पडण्याच्या आधीपासूनचं. १७९८ मधे ईस्ट इंडिया कंपनीने मस्कतचा शासक सुलतान बिन अहमद याच्याशी करार केला, कारण तेव्हा त्यांना नेपोलियनची धास्ती. झालं, कंपनी एका बाजूची झाली. १८०४ मधे त्याच सुलतान बिन अहमदला कवासिमांनी लिंग्याजवळ समुद्रावरच्या लढाईत मारलं. त्याच सुमारास बसऱ्याच्या ब्रिटिश रेसिडेंटची (कंपनीच्या तिथल्या प्रतिनिधीची) दोन जहाजं त्यांनी धरली. १८०६ मधे तह झाला, त्यातलं एक जहाज परत मिळालं, कवासिमांना हिंदुस्थानच्या बंदरांत यायची मोकळीकही मिळाली. म्हणजे व्यवहार होऊ शकत होता.

मग बिघडलं कुठे? अरबस्तानात आतल्या भागात, दिरिया ही राजधानी असलेल्या सौदी सत्तेचा जोर वाढला. तिकडून दबाव, लुटीतला पाचवा हिस्सा तिकडे, रास अल खैमाचा शेख सुलतान बिन सक्र याला तर दिरियात अडकवूनच ठेवला. त्याच काळात, १८०८ मधे, मिनर्व्हा आणि सिल्फ ही जहाजं पकडली गेली. सिल्फवरच्या कत्तलीच्या हकिकती वाचल्या की ‘बिचारे साधे व्यापारी’ हे वाक्य घशात अडकतं. आणि लुटले जाणारे फक्त गोरे नव्हते हो, कच्छ-गुजरातची, आपल्याच किनाऱ्यावरची गलबतं होती, त्यातले खलाशी कोण होते हे वेगळं सांगायला नको.

शारजाचे शासक डॉ. सुलतान अल कासिमी यांनी यावर एक्झेटरला पीएचडी केली आणि त्यावरून १९८६ मधे पुस्तक काढलं, मुंबईचेच कागद वापरून. त्यांचं म्हणणं, चाचेगिरी हा कंपनीने रचलेला बहाणा, खरा डोळा व्यापारावर. मी त्यांना निम्मे मार्क देईन. मुंबई सरकारचा चीफ सेक्रेटरी फ्रान्सिस वॉर्डन याने १८१९ मधे कवासिमांचा जो इतिहास लिहिला तो खरंच आरोपपत्रासारखा आहे, आखातात कुठेही काही लुटलं गेलं की खापर त्यांच्यावर. पण शासकसाहेबांचं पुस्तक म्हणजे त्याच खटल्यातल्या बचावाच्या वकिलाचं भाषण. घरच्या माणसाने लिहिलंय ते, दुसरं काय होणार.

१८०९ मधे मुंबईहून पहिली मोहीम गेली. १३ नोव्हेंबरला गाव जाळलं, पन्नासच्या वर गलबतं जाळली आणि परत आले, कारण वरून हुकूम होता की जमिनीवर सौदींच्या भानगडीत पडू नका. दहा वर्षांत सगळं पुन्हा उभं राहिलं, कारण लाकूड आणि माणसं दोन्ही होती. १८१८ मधे मात्र दोन गोष्टी झाल्या. इजिप्तच्या फौजेचा सेनापती इब्राहिम पाशा याने दिरिया पाडलं आणि इकडे पेशवाई बुडाली. मुंबई सरकारचे हात मोकळे झाले. नोव्हेंबर १८१९ मधे, एल्फिन्स्टनने गव्हर्नरची खुर्ची घेतली त्याच आठवड्यात, विल्यम ग्रँट कीरच्या हाताखाली सुमारे ३००० सैन्य निघालं. ९ डिसेंबरला रास अल खैमा पडलं. शेवटचा प्रतिकार रम्सजवळच्या धायाच्या टेकडीवर झाला, तोही २२ तारखेला संपला.

धायाला मी गेलोय, पायऱ्या चढून वर पोचलो तेव्हा दम लागलेला. वर दोन बुटके बुरूज, मातीच्या विटा आणि दगड, एवढंच. खाली खजुराची हिरवी पट्टी, पलीकडे समुद्र. ज्याला राजगड-रायगड बघायची सवय आहे त्याला हे बघून हसूच येईल. याच्यासाठी ब्रिटिशांनी लिव्हरपूल नावाच्या युद्धनौकेवरच्या दोन २४ पौंडी तोफा उतरवून दलदलीतून आणि बागांमधून ओढत आणल्या. तोफा चालू झाल्यावर दोनेक तासांत निकाल. आतून जवळपास ४०० पुरुष बाहेर आले आणि त्यांच्या सोबत तितकीच बायकापोरं.

आता आंग्रे. कान्होजींनाही इंग्रज पायरेटच म्हणायचे, त्यामुळे आपल्याला लगेच ‘सेम टू सेम’ म्हणावंसं वाटतं. तसं नाहीये. कान्होजी शाहू महाराजांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते, त्यांचा दस्तक (जहाजाचा परवाना) मागायचा हक्क एका राज्याचा हक्क होता. कवासिमांच्या मागे तसं राज्य नव्हतं. खरं साम्य आहे ते शेवटात. १७५६ मधे विजयदुर्गावर तुळाजींविरुद्ध इंग्रज एकटे आले का? पेशव्यांचं सैन्य सोबत होतं. १८१९ मधे रास अल खैमावरही इंग्रज एकटे नव्हते, मस्कतच्या सय्यद सईदची जहाजं आणि माणसं सोबत होती. दोन्हीकडे घरच्याच वैऱ्याने दार उघडलं आणि दोन्हीकडे त्याला वाटलं की इंग्रज काम करून निघून जातील. मला राग येतो तो याचा, ‘पायरेट’ म्हटल्याचा तितकासा नाही.

जानेवारी १८२० च्या तहात काय होतं बघा. प्रत्येक जहाजाने कागद बाळगायचा, मालक कोण, नाखवा कोण, माणसं किती, हत्यारं किती. लाल-पांढरा झेंडा लावायचा, जो थोडाफार तसाच आजही रास अल खैमा आणि शारजाचा झेंडा आहे. आंग्र्यांनी परवाना मागितला तर ती लूट आणि कंपनीने मागितला तर शांतता! अर्थात त्याच तहात आफ्रिकेतून गुलाम पळवून नेणं हीसुद्धा चाचेगिरीच असं कलम आहे, आणि ते १८२० साली लिहिलंय, त्याचं क्रेडिट द्यायलाच हवं. ते अंमलात किती आलं हा वेगळा विषय.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगत नाही. तहानंतर रास अल खैमात मुंबईच्या शिपायांची पलटण ठेवली, मग ती किश्म बेटावर हलवली. १८२० च्या नोव्हेंबरात कॅप्टन थॉम्पसन हा यातलीच तुकडी घेऊन ओमानच्या आत बनी बू अली टोळीवर चालून गेला, परत मस्कतच्या सोबतीने, आणि बहुतेक सगळी तुकडी कापली गेली. थॉम्पसन वाचला, कोर्टमार्शल झालं, ठपका बसला, पुढे विलायतेत खासदारही झाला. मेलेले शिपाई बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीचे होते. त्या काळी या पलटणींत कोकणातली पोरं भरपूर असायची. त्या मोहिमेचं काही, एखादं पेन्शनचं कागदपत्र, सनद, घरात सांगितली जाणारी आठवण, रत्नागिरी-रायगडकडच्या कुणाकडे असेल तर खरंच कळवा, मला वाचायचंय.