पोरीची सायकल, टप्प्याटप्प्याने

बेदाण्याला दर नाही, दुकानात गिऱ्हाईक नाही, थोरल्याची पुण्यातली नोकरी गेली. जाऊ द्या. सांगलीकरानं तरी मंदीला भिऊ नये. राज्याचा अर्थसंकल्प नऊ वेळा मांडणारे जयंत पाटील आपल्याच जिल्ह्यातले. ही विद्या आपल्या पाण्यातच आहे. घरच्या घरी वापरा.

बायकोनं गॅसचे पैसे मागितले की आधी तुकोबांचा एक अभंग म्हणा. निम्मा वेळ त्यात जातो.

मग 4 मे 2020 चा शासन निर्णय काढा आणि देवघराशेजारी चिकटवा. त्या वर्षीचा अर्थसंकल्प 6 मार्चला टाळ्यांच्या गजरात मांडला होता. दोन महिन्यांत टाळेबंदीनं तिजोरी आटली आणि हुकूम निघाला: तरतुदीच्या 33 टक्केच खर्च करा, नवी कामं नकोत, भरती नको. आरोग्य, अन्नपुरवठा अशा मोजक्या खात्यांना तेवढी सूट. घरात याचा अर्थ असा, की मार्चमध्ये पोरीला सायकल जाहीर करायची आणि मेमध्ये एक चाक व घंटी आणून द्यायची. दुसरं चाक पुरवणी मागण्यांत, म्हणजे वर्षाच्या मध्यात मागायच्या जादा पैशांत. सायकल रद्द झाली असं मात्र चुकूनही म्हणू नका. ‘टप्प्याटप्प्याने’ म्हणा. पोरगी घंटी वाजवत बसेल.

त्याच आठवड्यात राज्यात दारूची दुकानं उघडली, हे लक्षात असू द्या. पुढच्या वर्षी दारूवरचा व्हॅट 60 वरून 65 टक्के झाला. तेव्हा घरात कुणी पीत असेल तर शिव्या घालू नका. तो महसूलवाढीचा स्रोत आहे. (आमचे मेहुणे हे वाचून फार भावुक झाले.)

टाळेबंदीच्या 2020-21 या वर्षात राज्याची अर्थव्यवस्था 8 टक्क्यांनी आकसण्याचा अंदाज होता आणि शेती मात्र 11.7 टक्के वाढणार होती. म्हणजे सगळे घरात बसले आणि म्हातारी रानात राबली. तिला बक्षीस काय? तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी, वेळेवर फेडलं तर! आईलाही असंच काही द्या. राबणाऱ्याला पैसे देऊन बिघडवू नये, कर्ज द्यावं.

आता उधारी. ती आपल्या नावावर घेऊ नका. पाणीवाटप लवादानं दिलेलं कृष्णेचं वाट्याचं पाणी राज्याला मे 2000 च्या आत अडवायचं होतं, हातात पैसा नव्हता; 1996 साली कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं आणि रोखे विकले. तुम्हीही मेहुण्याला महामंडळ करा. आणि कर्ज कधी पगाराशी मोजू नका. 2025-26 ला राज्यावरचं कर्ज 9.32 लाख कोटींच्या घरात जाईल असं सांगितलं, महसुली तूट 45,891 कोटींची. पण अख्ख्या राज्याच्या सकल उत्पन्नाशी ताडलं की कर्ज 19 टक्क्यांच्या आत, छातीत धडधड नाही. आपण अख्ख्या गल्लीचं उत्पन्न धरावं, कोपऱ्यावरच्या सराफासकट. वसुली त्याच्याकडून होत नाही, हा तपशील झाला.

एवढं करूनही कुणी विचारलंच, की पैसे आहेत कुठं, तर सांगलीशेजारच्या हरिपूरकडे बोट दाखवा. हळद पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात आहे, वर माती लिंपली आहे, आता उघडलं तर हवा लागेल. पेवांत पाणी शिरलेल्या 2005 च्या पुराचा विषय तेवढा निघू देऊ नका.