‘तुमचा एमआरआय आता कॉम्प्युटर ठरवणार’ : त्या मेसेजला उत्तर

गोव्यातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: सीटी-एमआरआय काढायचा की नाही हे यापुढे डॉक्टर नव्हे, कॉम्प्युटर ठरवणार. हा पैसे वाचवण्याचा डाव आहे. अमेरिकेने ही पद्धत वापरून फेकून दिली. तेव्हा डॉक्टरांकडे हट्ट धरा, एक तपासणी जास्त झाली म्हणून काही बिघडत नाही. लिहिणाऱ्याने विषय थोडा वाचलाय, म्हणून मेसेज पटतोही.

‘कॉम्प्युटर ठरवणार.’ नाही. डॉक्टर तपासणी मागवताना वय, तक्रार, आधीचे आजार कॉम्प्युटरवर भरतात आणि सल्ला देणारी प्रणाली ते छापील निकषांशी ताडून पाहते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी या तिथल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने हे निकष बनवण्याचं काम १९९३ मध्ये हाती घेतलं. त्यात १ ते ९ गुण असतात: ७ ते ९ म्हणजे तपासणी सहसा योग्य, १ ते ३ म्हणजे सहसा अयोग्य. निकष लिहिणारे डॉक्टरच. सल्ला पटला नाही तर तो बाजूला सारून तपासणी मागवता येते, फार तर कारण लिहावं लागतं.

‘पैसे वाचवण्याचा डाव.’ बिल भरणाऱ्याला हे आवडतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण निकष नेहमी ‘नको’च म्हणत नाहीत. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला, क्षणभर शुद्ध हरपली, आता माणूस नीट बोलतोय आणि घरी जायची घाई करतोय, असे रुग्ण गोव्यात कॅज्युअल्टीला नवे नाहीत. अशांसाठी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला कॅनडाचा नियम सांगतो की वय ६५ किंवा जास्त असेल, किंवा दोनदा उलटी झाली असेल, तर डोक्याचा सीटी काढा. रात्रपाळीच्या दमलेल्या तरुण डॉक्टरला ही आठवण करून देण्यात कुणाचे पैसे वाचतात? उलट पित्ताशयाच्या खड्यांचा संशय असेल तर आधी सोनोग्राफी. ती स्वस्त आहे हे खरं, पण सीटीत न दिसणारे कित्येक खडे तिच्यात दिसतात.

‘अमेरिकेने फेकून दिली.’ हे अर्धं खरं. तिथे २०१४ च्या कायद्याने मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, रुग्णांसाठी असा सल्ला घेणं बंधनकारक व्हायचं होतं. २०२० पासून दंडाविना चाचणी चालली आणि १ जानेवारी २०२४ पासून नियमच मागे घेतले गेले. गुंडाळली गेली ती बिलाशी घातलेली सांगड. बिलाच्या प्रत्येक दाव्यामागे सल्ला घेतला होता की नाही, हे त्याच वेळी तपासणं जमेना. निकष आजही वापरात आहेत. खरं तर मेसेजवाल्याला याहून जड मुद्दा सापडला असता. २०११ ते २०१३ या काळात मेडिकेअरनेच केलेल्या प्रयोगात साधारण दोन तृतीयांश मागण्यांची प्रणालीला कोणत्याच निकषाशी जोडणी करता आली नाही. टीका करायचीच तर इथे करावी.

‘जास्त झाली तर बिघडत नाही.’ मेसेजमधलं सगळ्यांत घातक वाक्य हेच. कंबरदुखी घ्या. ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये आला. विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या मणक्यातली चकती बाहेर आलेली दिसली. म्हणजे एखाद्या पाडेल्याची (नारळ काढणाऱ्याची) कंबर धरली आणि आठवड्याभरात एमआरआय काढला, तर रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’ येण्याची शक्यता भरपूर, मग दुखण्याचं कारण ते असो वा नसो. तो माडावर चढणं सोडतो, शेजारी ऑपरेशनच्या गोष्टी सांगतात, कुणी बेळगावचा डॉक्टर सुचवतो. नुसती कंबरदुखी बहुतेकदा काही आठवड्यांत उतरते, म्हणून निकष सहा आठवडे थांबायला सांगतात. मात्र लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, ताप आहे किंवा पूर्वी कॅन्सर झालाय, तर तेच निकष थांबू नका म्हणतात.

रेडिएशनचं थोडक्यात: एमआरआय आणि सोनोग्राफीत ते नसतं. पोटाच्या एका सीटीत साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशनच्या मात्रेचं एकक) असतं. निसर्गातून आपल्याला जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिळतं. गरजेचा सीटी यासाठी टाळू नये. पण म्हापशाच्या सेंटरमधली सीडी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात उघडली नाही म्हणून तोच सीटी पुन्हा काढणं, याला काय म्हणावं? आणि जुने रिपोर्ट एकमेकांना दिसत नसतील, तर हा दुसरा सीटी कोणतीही प्रणाली अडवू शकणार नाही.

हट्टाऐवजी डॉक्टरांना एकच विचारा: यात काही निघालं किंवा नाही निघालं, तर माझ्या उपचारात काय बदलेल? मग डॉक्टरांनी दिलेली तपासणीची चिठ्ठी बघा. तिच्यावर नुसतं ‘पोटदुखी’ असेल तर प्रणाली सोडाच, रिपोर्ट लिहिणारा रेडिओलॉजिस्टही चाचपडतो. कधीपासून दुखतं, नेमकं कुठे, आधीचं ऑपरेशन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), पेसमेकर, गरोदरपणाची शक्यता, एवढं काउंटरवर जाण्याआधी तिच्यावर लिहून घ्या.