ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड लावला तर गिअरबॉक्स जातो?

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय की ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड वापरू नका, गिअरबॉक्स जातो, तो फक्त शायनिंगसाठी दिलाय वगैरे. असं काही नाहीये. लिव्हरने प्लस-मायनस करून गिअर वर-खाली मागितला तरी प्रत्यक्षात बदलतो तो कॉम्प्युटरच, तुम्ही फक्त सांगताय, आणि शंभरच्या स्पीडला तुम्ही पहिला गिअर मागितला तर तो सरळ दुर्लक्ष करतो. उलट स्पीड फारच कमी झाला की स्वतःच खालचा गिअर टाकतो, म्हणजे गाडी बंद पडायची भीती नाही.

आणि खरा उपयोग घाटात. आंबेनळी किंवा वरंधा उतरताना डी मध्ये (नेहमीच्या ऑटोमॅटिक ड्राइव्हवर) ठेवलं तर बऱ्याच गाड्या वरचा गिअर धरतात, मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात, वास यायला लागतो आणि पकड कमी होते. त्यापेक्षा मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा गिअर धरा, इंजिनच गाडीला आवरतं. आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) तीन-चार हजारावर गेला, आवाज वाढला म्हणून घाबरू नका, रेड लाइनच्या, म्हणजे मीटरवरच्या लाल पट्ट्याच्या, आत आहे ना, झालं तर. पेट्रोल पण जास्त जात नाही, कारण अॅक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरताना आजकालची इंजिनं इंधन जवळपास बंदच करतात. न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग मात्र थोर!

नुकसान व्हायचं तर ते एएमटीत (मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर मशीन चालवतं अशी ऑटोमॅटिक) चढावर ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरल्याने होतं, क्लच जळतो. मोड कुठलाही असो.