डिले टाकला तर गाणं लेट होईल

काल तीन तास आणि आज पाऊण तास नाना पेठेत उभं राहिल्यावर माझ्या गाडीच्या स्पीकरमधून तबल्याचा डग्गा परत ऐकू आला. राग मात्र अजून गेलेला नाही.

झालं असं, की दारांत नवे स्पीकर बसले, सीटखाली सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा डबा, सरकवला, आणि मी हौसेने एक जुनं भावगीत लावलं. गायक डिक्कीत बसून नाकातून गात होता. तबल्याची नुसती टिकटिक. "अरे, डग्गा कुठे गेला?" असं विचारलं तर फिटर म्हणाला, "साहेब, गाणं जुनंय." मग त्याने स्वतःच्या पेनड्राइव्हवरचं वरातीचं गाणं लावलं आणि बेस चढवत गेला. त्याची परीक्षा सोपी होती. आतला आरसा थरथरून मागे उभ्या असलेल्या एका रिक्षाच्या दोन दिसल्या, की सेटिंग पास.

आता माझं स्टिअरिंग उजवीकडे. म्हणजे उजवा स्पीकर माझ्या गुडघ्याशी, डावा पार पलीकडच्या दारात. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद. दोन्ही स्पीकरच्या अंतरात जेवढा फरक, तेवढा वेळ जवळचा स्पीकर थांबवला (यालाच डिले म्हणतात), की दोन्ही आवाज एकदम कानाशी पोचतात आणि गवई बरोबर समोर येऊन बसतो. हे मी रात्री जागून वाचलेलं. फिटरने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डिले नको साहेब. गाणं लेट होईल."

एवढ्यात मागचं दार उघडून एक काका आत बसले. "बसतो जरा, माझ्या सीट कव्हरला टाइम आहे." मांडव आणि स्पीकर भाड्याने देण्याचा त्यांचा पंचवीस वर्षांचा धंदा, हे पहिल्याच मिनिटात कळलं. हातातला चहाचा कागदी कप त्यांनी थेट सबवूफरवर ठेवला.

"काका, अहो, चहा..."

"चेक करतोय. सांडला तर बेस. नाही सांडला तर रेडिओ."

आम्ही तिघेही त्या कपाकडे बघत बसलो. चहात गोल गोल लाटा आल्या, कप इंचाइंचाने कडेला सरकला आणि नव्या मॅटवर आडवा झाला. काकांचा चेहरा समाधानाने उजळला. "हां! आता बोला."

"मला डग्गा ऐकू येत नाहीये," मी बोललो.

काकांनी माझ्याकडे आजाऱ्याकडे बघतात तसं बघितलं. "कान दाखवून घ्या. वय झालं की आधी बेस जातो."

वयाने आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, खर्ज नव्हे. हे मला माहीत होतं. पण सुचलं कात्रजला पोचल्यावर. फिटरने मान डोलावली, क्लासिकल नावाचं तयार सेटिंग लावून दिलं (रॉक आहे, पॉप आहे, जॅझ आहे, कीर्तन कुठेही नाही) आणि साडेसात हजार घेतले. पैसे मोजताना माझे डोळे त्याला चालले, हात चालले, फक्त कान चालले नाहीत.

रात्री पार्किंगमध्ये, काचा वर करून, मी बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला. डग्गा हजर. पूर्ण उजवीकडे नेला. हजर. मधोमध आणला, तर गायब! एका दाराच्या प्लस-मायनस वायरी उलट्या जोडलेल्या. एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि खर्ज दोघांच्या भांडणात जिरतो. घामाघूम होऊन मी तेच कडवं अकरा वेळा ऐकलं.

आज फिटरने दाराचं पॅनल उघडलं, वायरी बघितल्या, काही न बोलता बदलल्या. डग्गा घुमला. काकाही होतेच, कव्हरं एक नंबर लहान निघाली होती. खिडकीत डोकं घालून म्हणाले, "आला ना? काल चहा सांडला तेव्हाच मी म्हटलं होतं."

फिटरने दीडशे मागितले.

"अरे, चूक तुझी ना?"

"साहेब, कालचे फिटिंगचे. हे सेटिंगचे."