कार्ड एक, वऱ्हाड नऊ

आत्ता भाच्याच्या पीसीसमोरून उठलोय. "मामा, गेम अडकत अडकत चालतोय, कार्डच खराब निघालं वाटतं." पोराने वर्षभर साठवून, वर आजीला गोड बोलून ग्राफिक्स कार्ड (पीसीत चित्र रंगवायचं काम करतं ते) घेतलंय. घड्याळाशेजारचा तो बारका बाण दाबला, तर आत नऊ सॉफ्टवेअरची चिन्हं पंगतीला बसल्यासारखी! चिप बनवणाऱ्याचं एक, त्यावर पंखे लावून विकणाऱ्याचं दुसरं, मदरबोर्डवाल्याचं तिसरं, नुसत्या दिव्यांचं आणखी वेगळं.

मला लगेच माझी ती रात्र आठवली. जुन्या मित्रांना पाठ आहे, तरी ऐका. इचलकरंजीचं लग्न, तीन तासांची फिल्म. रेंडर, म्हणजे कापून जोडलेल्या फिल्मची अखेरची फाइल बनवायचं काम, लावून झोपलो. मध्यरात्री कार्डासोबत आलेल्या सॉफ्टवेअरला नवा ड्रायव्हर (विंडोजला कार्डाशी बोलता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम) घालायची हुक्की आली. ड्रायव्हर बदलताना स्क्रीन क्षणभर काळी होते आणि कार्डावर चाललेलं काम तिथंच मरतं. सकाळी बघतो तर ८१ टक्क्यांवर एरर. आणि दारात मुलीचे वडील, हातात पेढ्यांचा बॉक्स.

(आपोआप अपडेटची टिक कधीतरी मीच केली असणार. बरं, मान्य.)

अरे पण कार्डाला लागतं काय? ड्रायव्हर! चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना पहिल्याच पानावर विचारतात, ॲपसकट की नुसता ड्रायव्हर. दुसरी चिपवाली एएमडी, तिच्याकडेही 'ड्रायव्हर ओन्ली' आहे. आपण मात्र नेक्स्ट, नेक्स्ट करत सुटतो.

आणि तो लॉगिनचा माज! २०१६ पासून एनव्हिडियाचं जिफोर्स एक्स्पिरियन्स हे सॉफ्टवेअर लॉगिनशिवाय वापरूच देत नव्हतं. रोख पैसे मोजून घेतलेली वस्तू, तिची सोय वापरायला ईमेल द्यायचा? नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या जागी एनव्हिडिया ॲप आलं, सक्ती गेली. म्हटलं, सुधारले. डिसेंबर उजाडतो तोवर बोंब, की त्यातली गेम फिल्टरची (गेमचे रंगरूप बदलायची) सोय नुसती चालू असली तरी काही गेम १५ टक्क्यांपर्यंत मंदावतात. फिल्टर लावलेलाही नसताना! कंपनीच म्हणाली, बंद ठेवा. पुढे दुरुस्त केलं म्हणे.

खेळून झाल्यावर मागच्या काही मिनिटांची क्लिप जपता येते, ॲपमधली ती सोय झकास आहे. पोरांना हवी असेल तर घ्या बाबांनो.

मी स्वतः एमएसआय आफ्टरबर्नर, कार्डाचं व्होल्टेज नि पंखे हाताळायचं सॉफ्टवेअर, ठेवलंय, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या कंपनीच्या कार्डावरही चालतं, लॉगिन मागत नाही. व्होल्टेज जरा उतरवलं, तर रेंडर करताना ८३ अंशांवर भाजणारं कार्ड ७२ वर आलं आणि पंख्याचा घोंगाट गेला. पण ते मी उघडलं की उघडतं. रात्री उठून माझ्या घरात फिरत नाही.

त्या मुलीच्या वडिलांवर अजून जीव आहे माझा. मी मान खाली घालून उभा, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे ओ. पोरगी गेली सासरला, फिल्म कुठं पळतीया?" चहा घेतला, पेढे ठेवले, गेले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

असो. भाच्याच्या पीसीवरची नऊच्या नऊ काढली. गेम लोण्यासारखा. पोरगं मात्र हिरमुसलं, कारण कार्डावरचे दिवे निळे होते ते इंद्रधनुष्यासारखे फिरायला लागले.

दिव्यांचं तेवढं परत टाकून दिलंय. आपोआप अपडेटची टिक काढून. दोनदा तपासली.