मावशी खाली बसून राहिली

आज मावशीकडे गेले होते. आठवड्यापूर्वीच ती इटलीहून आली. चहा झाला, चॉकलेटं झाली, मग मोबाइलवरचे फोटो. फ्लॉरेन्सच्या त्या मोठ्या चर्चचेच वीस-पंचवीस, सगळे चौकातून मान वर करून काढलेले. म्हटलं, "वर घुमटावर गेली होतीस ना?"

"पोरं गेली गं. मला म्हणाली, तुला झेपणार नाही, तू इथेच बस, पर्सा सांभाळ." आणि मग हळूच, "तुझी आई चढली होती ना?"

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

हो, चढली होती. 67 वर्षांची होती. 463 पायऱ्या, लिफ्ट नाही. आमच्याबरोबरच्या गाइडने तिच्यासमोरच मला विचारलं होतं, "आजींना कुठे बसवायचं?" आई म्हणाली, "आजींनाच विचारा की." मी गप्प बसले, कारण खरं सांगायचं तर तोच प्रश्न माझ्याही मनात होता.

जिना इतका अरुंद की कोपरं भिंतींना घासतात. आई प्रत्येक झरोक्यापाशी थांबायची, मागच्यांना पुढे सोडायची, पदर खोचायची, पुन्हा चढायची. घुमटाच्या आतून रंगवलेलं ते प्रचंड चित्र, वझारी आणि झुकारी या चित्रकारांचं, तिने एकदा बघितलं आणि पुढे निघाली. तिचं खरं लक्ष पुढे लागलं. या घुमटाला दोन कवचं आहेत, एकात एक, आणि जिना त्या दोन्हींच्या मधून वर जातो. भिंत हळूहळू अंगावर कलायला लागते. तिथे ती विटांवर हात ठेवून उभीच राहिली.

आमचे अण्णा गवंडी होते. लग्नानंतर कितीतरी वर्षं आईने त्यांच्याच हाताखाली घमेली उचलली आहेत. त्या भिंतीत आडव्या थरांत मध्येमध्ये एकेक वीट उभी घातलेली, आणि त्या उभ्या विटांची रांग तिरपी वर चढत गेलेली. मी वाचलेलं सांगितलं, की ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुविशारदाने 1420 ते 1436 या काळात हा घुमट खालून सेंटरिंग, म्हणजे लाकडी आधार, न लावता उभा केला. आई लगेच म्हणाली, "मग बरोबर आहे. चुना ओला असताना आडवी वीट घसरणार. ही उभी तिला धरून ठेवते."

कुणी सांगितलं नव्हतं तिला. हाताने कळलं. आणि अशा बाईला खाली पर्सा सांभाळायला बसवायचं?

बरं, हृदयाचा त्रास असेल, बंद जागेत जीव घाबरत असेल तर चढू नये. तिथेही तशी सूचना देतात. मान्य. पण मावशी रोज पहाटे तासभर चालते! तिला कुणी विचारलं का? भाजी कुठली करू हे विचारता, औषध घेतलं का विचारता, आणि एवढ्या लांब नेल्यावर "येतेस का वर?" एवढं विचारता येत नाही?

माझा मावसभाऊ वाईट नाही. त्यानेच तिकीट काढलं, त्यानेच नेलं, काळजीपोटीच बोलला असणार. हे लिहितानाही मला ते कळतंय. पण आईच्या गुडघ्यांची आज जी अवस्था आहे, त्यात तिला आमच्या इमारतीचा एक मजला चढवत नाही. त्या दिवशी मी "बस इथे" म्हटलं असतं तर ती उभी वीट तिने कधीच बघितली नसती, आणि आपण काय हिरावून घेतलं हे मलाही कळलं नसतं.

उतरल्यावर ब्रुनेलेस्कीच्या थडग्यापाशी गेलो. तिथेच चर्चच्या पोटात आहे, 1972 मध्ये सापडलं. आईने वाकून नमस्कार केला. अण्णांच्या फोटोला करते ना, अगदी तसाच.

रविवारी सकाळी मावशीला घेऊन पर्वतीला जातेय. 103 पायऱ्या. तिला विचारलंय, हो म्हणालीये, नवे बूट काढून ठेवलेत म्हणे. कुणाला यायचं असेल तर साडेसहाला पायथ्याशी या. फक्त तिला "दमलात का" म्हणून दर पायरीला विचारायचं नाही.