मनगट फिरवून म्हणे!

पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या घरातली मी, काल रात्री साडेदहाला पान २१७ वरून पुस्तक सोफ्यावर भिरकावलं. ऐतिहासिक कादंबरी, साडेपाचशे रुपये, जाड पुठ्ठा. नाव सांगत नाही. नायक कमरेच्या म्यानातून सपकन दांडपट्टा उपसतो आणि नुसत्या मनगटाच्या झटक्यानं तिघांची मुंडकी उडवतो.

अहो, कुठलं मनगट? पट्ट्याची मूठ आडवी, तीही लोखंडी खोबळ्याच्या आत. हात कोपरापर्यंत आत जातो, मनगट तिथे जन्मठेपेवर असतं. फिरतो तो खांदा, फिरते ती कंबर, नाचतात ते पाय. आणि म्यान कमरेला? पातं तीन-साडेतीन फूट, छडीसारखं लवणारं, वर हातभर लोखंड. हे लटकवून बाबा घोड्यावर बसला कसा? पट्टा उपसत नाहीत, हातात चढवतात. कोल्हापुरात मर्दानी खेळाच्या कुठल्याही आखाड्यात दहा वर्षांची पोरगी सांगेल. पण विचारायचं कुणी? लेखकाला ना? त्याला वेळ कुठे, त्याला पुढच्याच परिच्छेदात त्याच हातानं नायिकेचे डोळे पुसायचेत. खोबळ्यासकट! बाईचा चेहरा आहे की कल्हईचं पातेलं?

आता निघालंच आहे तर निघू दे. मालिकांमध्ये म्यानातून तलवार निघताना तो 'श्शिंऽऽग'! म्यान लाकडाचं असतं हो, वरून चामडं नाहीतर मखमल. लाकडातून पातं निघताना सतार कशी वाजेल? शिवाय प्रत्येक तलवार मणाची. किलो-सव्वा किलोच्या वस्तूला मणाची करून ठेवलीय. घामाघूम नायक हवा म्हणून.

कट्यारीचं तर वाटोळंच. आडव्या मुठीचं, ठोसा मारावा तसं सरळ खुपसायचं हत्यार. कड्यांचं चिलखत भेदावं म्हणून टोक मुद्दाम जाड ठेवलेलं. आमचे लेखक ती पन्नास पावलांवरून फेकतात. आणि चिलखत? ते तलवारीच्या एका वारात काकडीसारखं चिरलं जातं. मग माणसं एवढं ओझं अंगावर घालत कशाला होती, हौस म्हणून?

२०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं साताऱ्यात आली, लोकांनी रांगा लावून पाहिली. अंगठ्या बोटांत, नख्या तळहाताखाली दडलेल्या. तरी यांची वाघनखं अजून बोटांच्या टोकांवर, मांजरीसारखी. दडवायची सोय हाच त्या हत्याराचा सगळा मुद्दा आहे! तोड्याच्या बंदुकीबद्दल मी बोलतच नाही. भर पावसात, जामगी म्हणजे बार पेटवायची वात न शिलगावता, लागोपाठ चार बार. बोलत नाही म्हटलं ना.

एवढं सगळं मी सासूबाईंना मोठ्यानं ऐकवत होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि तुझी ती दिवाळी अंकातली गोष्ट?"

झालं. पंधरा वर्षं होऊन गेली, पण बाई विसरायला तयार नाहीत. माझ्या त्या रहस्यकथेत खुनी रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावतो. एका निवृत्त सुभेदारांचं पत्र आलं होतं, अक्षर मोत्यासारखं. गोळ्यांचं चक्र आणि नळी यांच्या मध्ये फट असते, आवाज तिथूनच बाहेर पडतो, एखादा रशियन नमुना सोडला तर रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर म्हणजे गळक्या बादलीला झाकण. खाली, "बाकी कथा उत्तम." ते 'बाकी' मला अजून टोचतं.

आखाड्यातही मी एकदाच गेले होते. तीन मिनिटं पट्टा फिरवला, चार दिवस वेणी सासूबाईंनी घालून दिली.

पावणेबाराला पुस्तक सोफ्याखालून काढलं. पान २१८. नायिका नदीपलीकडे अडकलीय, पूर आलाय, आणि हा मूर्ख दातांत तलवार धरून पोहतोय.

पहाटे तीनला संपवलं.